जग चर्चच्या दाराबाहेर थांबत नाही

ख्रिस्ती माणसाला ‘जगिक विचारांपासून दूर राहा’ असे सांगितले की त्याच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक यादी उभी राहते. सिनेमा, दारू, जुगार, भडक कपडे, कर्कश गाणी. ही यादी पिढीगणिक थोडी बदलते. एकेकाळी कादंबरी वाचणेही तीत मोडत असे, आता मोबाईल मोडतो. पण यादीचा स्वभाव तोच राहतो. तीत फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी असतात, आणि बहुतेक वेळा त्या दुसऱ्या कुणाच्या तरी सवयी असतात. तरुणांच्या, बायकांच्या, नव्याने पैसा हाती आलेल्यांच्या. उपदेश करणाऱ्याचे त्यात स्वतःचे फारसे काही जात नाही.

माझे म्हणणे असे की जग आणि आत्मिक जीवन यांच्यातली रेघ आपण चुकीच्या जागी ओढली आहे. जगिक विचार ही मुळात हिशेब करण्याची एक रीत आहे. माणसाची किंमत कशावरून ठरवायची, यश कशाला म्हणायचे, कुणाला पुढे बसवायचे, खरे कधी बोलायचे आणि गप्प कधी बसायचे, निर्धास्त झोप लागावी म्हणून किती साठवून ठेवायचे, या सगळ्याची जगाकडे तयार उत्तरे आहेत. ती उत्तरे घेऊनच आपण उपासनेला येतो. दारात कुणी हटकत नाही, कारण ती शहाणपणाची वाटतात.

येशूचा शिष्य पेत्र याचीच गोष्ट घ्या. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात तो येशूला ख्रिस्त आणि जिवंत देवाचा पुत्र म्हणून ओळखतो आणि धन्य ठरतो. पुढच्या काही ओळींत येशू सांगू लागतो की आपल्याला यरुशलेमात जाऊन दुःख सोसावे लागेल, मरावे लागेल. तेव्हा हाच पेत्र त्याला बाजूला घेऊन समजावतो की असे तुमच्या बाबतीत कधीच व्हायचे नाही. यात वावगे काय आहे? गुरूवर जीव असलेला कोणताही शिष्य हेच म्हणेल. पण उत्तर मिळते ते ‘सैताना, दूर हो’ असे, आणि कारणही सांगितले जाते. तुझा विचार देवाचा नाही, माणसांचा आहे. जकातदार मत्तयाला किंवा व्यभिचारात धरून आणलेल्या स्त्रीला असे शब्द ऐकावे लागले नाहीत. ते ऐकावे लागले मायेपोटी व्यवहारी सल्ला देणाऱ्या जवळच्या शिष्याला.

अरण्यातल्या परीक्षेतही हेच दिसते. चाळीस दिवसांच्या उपासानंतर सैतान येशूला चोरी करायला सांगत नाही, खून करायला सांगत नाही. भूक लागली आहे, धोंड्यांच्या भाकरी कर. लोकांनी विश्वास ठेवावा असे वाटते ना, मग मंदिराच्या शिखरावरून उडी घे, सगळे शहर बघेल. जगाची राज्ये बदलायची आहेत, तर मला एकदाच नमन कर आणि सगळी सत्ता घे. गरज, प्रसिद्धी, वजन. हे तीन प्रस्ताव थोडी भाषा बदलून आजच्या एखाद्या चर्चच्या बैठकीत मांडले तर बरेच हात वर होतील, आणि हात वर करणारी माणसे मनापासून देवाचे भले चिंतणारी असतील. म्हणूनच हा संघर्ष अवघड आहे. समोर उघड पाप उभे असेल तर निदान ते ओळखता येते.

याकोबाने नव्या करारातल्या आपल्या पत्रात एक प्रसंग रंगवला आहे. सभा भरली आहे. एक गृहस्थ आत येतो, बोटात सोन्याची अंगठी, अंगावर झगझगीत कपडे. त्याच्या मागोमाग एक गरीब, मळक्या कपड्यांतला. पहिल्याला आदराने चांगली जागा दिली जाते. दुसऱ्याला सांगितले जाते, तू तिकडे उभा राहा, नाहीतर इथे माझ्या पायांशी बस. एवढेच. कुणी शिवी दिली नाही, कुणी कुणाला हाकलले नाही. अंगठीवाल्याला जागा देणाऱ्याच्या मनात कदाचित हेही असेल की हा माणूस टिकला तर मंडळीचे, म्हणजे चर्चच्या समुदायाचे, काम वाढेल, गरिबांनाच त्याचा उपयोग होईल. याकोब असले काही ऐकून घेत नाही. तुम्ही दुष्ट विचारांचे न्यायाधीश झालात, असे तो सरळ सांगतो. जग चर्चमध्ये शिरते ते असे, खुर्ची सरकवण्याच्या एका लहानशा हालचालीतून. आणि आपण मात्र पहारा देत असतो मुलीच्या स्कर्टच्या लांबीवर.

मंडळीचे पंच कोण होतात, पाळकांचा वेळ कुणाला सहज मिळतो आणि कुणाला चारदा फोन करावा लागतो, कुणाच्या घरचे दुःख व्यासपीठावरून सांगितले जाते आणि कुणाचे नाव घ्यायचेही राहून जाते, हे एखादे वर्षभर नुसते बघत राहावे. माणसाची किंमत तिथे वधस्तंभावरून ठरते की पगारावरून, शिक्षणावरून, वंशावरून, घराण्यावरून, ते कळायला वेगळा अभ्यास लागत नाही.

जगापासून पळून गेले तर हा प्रश्न सुटेल असे काहींना प्रामाणिकपणे वाटले. इसवी सन 270च्या सुमारास मिसरमधला, म्हणजे इजिप्तमधला, अँथनी नावाचा तरुण ‘तुझे असेल नसेल ते विक आणि गोरगरिबांना दे’ हे वचन ऐकून खरोखरच सगळे देऊन मोकळा झाला आणि पुढे वाळवंटात गेला. 313 साली रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली. त्यानंतर ख्रिस्ती असणे धोक्याचे राहिले नाही, हळूहळू ते फायद्याचे होऊ लागले, तसे वाळवंटात जाणाऱ्यांची संख्याही वाढली. त्यांच्यापैकी इव्हाग्रिअस हा कॉन्स्टँटिनोपल या राजधानीतल्या बड्या वर्तुळातून आलेला विद्वान. वाळवंटात जाऊन त्याने जे पाहिले ते फार मोलाचे आहे. त्याला आढळले की वस्तू मागे राहतात, विचार मात्र बरोबर येतात. अशा आठ विचारांची त्याने नोंद केली. त्यात लोभाचे वर्णन वाचून मी थबकलो होतो. ज्या साधूजवळ पाण्याचा घडा आणि चटई यापलीकडे फारसे काही नाही, त्याच्याकडे लोभ सोन्याच्या राशी घेऊन येतच नाही. तो म्हातारपणाचे चित्र दाखवतो. हात थकतील, काम होणार नाही, दुष्काळ पडेल, आजार येतील, आणि मग दुसऱ्यापुढे हात पसरण्याची लाज. लोभ तिथे काळजीचा, दूरदृष्टीचा चेहरा घेऊन येतो.

त्याने आणखी एक गोष्ट टिपली. बाकीचे विचार हरले की त्या विजयावरच पोटभर जेवणारा एक विचार उरतो, तो म्हणजे प्रतिष्ठेची हाव. उपास केला हे लोकांना कळावे, प्रार्थना लांबली हे कुणीतरी पाहावे. जग सोडल्याची कीर्तीसुद्धा जगाच्याच बाजारात खपते.

तेव्हा पळून जाणे हे उत्तर नाही. येशूनेही शेवटच्या रात्री शिष्यांसाठी प्रार्थना करताना यांना जगातून काढून घे असे मागितले नाही, वाइटापासून राख एवढेच मागितले. प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला लिहितो की वाईट माणसांचा अजिबात संबंध नको म्हटले तर तुम्हाला जगाबाहेरच जावे लागेल. फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्राच्या शेवटी तो ज्यांचे सलाम पोचवतो त्यांत कैसराच्या, म्हणजे रोमन सम्राटाच्या, घरची माणसेही आहेत. म्हणजे जगाच्या सत्तेच्या ऐन केंद्रात कामाला असणारे, आणि तरीही पवित्र जन म्हणवले जाणारे. देवाने ज्या जगावर प्रीती केली ते हेच, माणसांनी भरलेले. प्रीती करू नका म्हणून योहान ज्या जगाबद्दल बजावतो, त्याचा खुलासा तो लगेच पुढच्या ओळीत करतो. वासना, डोळ्यांची हाव, संसाराची फुशारकी.

इथे एक आक्षेप हमखास येतो आणि तो खरा आहे. पोटापाण्याचा विचार, मुलांच्या शिक्षणाची तरतूद, आजारपणासाठी बाजूला टाकलेले पैसे, हे सगळे जगिक म्हणायचे का? तसे म्हटले तर ख्रिस्ती जीवन फक्त बेजबाबदार माणसालाच जमेल. मला वाटते, याचे उत्तर पवित्र शास्त्रातल्या दोन कोठारांत आहे. योसेफाने मिसरमध्ये सात सुकाळी वर्षे धान्याची कोठारे भरली. लूककृत शुभवर्तमानातल्या श्रीमंत शेतकऱ्यानेही भरली, आधीची मोडून मोठी बांधायचे ठरवले. काम एकच, नियोजन एकच, मेहनतही कदाचित तेवढीच. एक शहाणा ठरतो, दुसऱ्याला देव मूर्ख म्हणतो. शेतकऱ्याने कुणाचे धान्य लुबाडले असे कुठेही म्हटलेले नाही. पण त्याचे बोलणे ऐका. माझे उत्पन्न, माझी कोठारे, माझा माल, माझा जीव. तो मनात बोलतो तेही स्वतःशीच. त्या सगळ्या बेतात दुसऱ्या एकाही माणसाला जागा नाही. योसेफाचे कोठार दुष्काळात उघडण्यासाठी होते. (पुढे त्याच धान्याच्या बदल्यात मिसरी लोकांच्या जमिनी फारोच्या, म्हणजे तिथल्या राजाच्या, झाल्या, हे उत्पत्ती या पुस्तकाच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायात वाचताना मला आजही अस्वस्थ वाटते. चांगले कोठारही सत्तेच्या हाती गेले की काय होते ते शास्त्राने लपवलेले नाही.) साठवण्याला मनाई नाही. कोठार कुणासाठी उघडणार आहे, एवढाच प्रश्न आहे, आणि तो बँकेच्या पासबुकावरून सुटत नाही.

याच्या उलट एक गोष्ट आत्मिक म्हणून खपवली जाते, ती म्हणजे हिशेब न देणे. दानाच्या पैशांविषयी कुणी प्रश्न विचारला की ‘आम्ही देवाला हिशेब देऊ’, ‘अभिषिक्तांवर, देवाने नेमलेल्यांवर, बोट ठेवू नका’ असे ऐकवले जाते. प्रश्न विचारणारा जगिक ठरतो. पौल असे म्हणाला नाही. यरुशलेमातल्या गरिबांसाठी जमवलेला निधी नेताना त्याने मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली आणि कारण स्पष्ट लिहिले, की या मोठ्या देणगीबाबत कुणी आमच्यावर दोष ठेवू नये, आणि प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही जे योग्य ते आम्ही करतो. ताळेबंद मांडणे, तो तपासायला देणे, पावती देणे ही आत्मिक कामे आहेत. भक्तीच्या आडोशाने पैसा अंधारात ठेवणे यापेक्षा जगिक काही मला सुचत नाही.

मग साक्षीकडे वळू. मंडळीसमोर उभे राहून देवाने आपल्या आयुष्यात काय केले ते सांगणे ही सुंदर गोष्ट आहे. पण आपण कोणत्या साक्षी ऐकतो? नोकरी लागली, बढती मिळाली, परदेशाचा व्हिसा झाला, घर झाले, गाठ विरघळली. यांतल्या प्रत्येकासाठी देवाचे आभार मानावेत, मीही मानतो. पण खोट्या बिलावर सही करायला नकार दिला आणि नोकरी गेली, अशी साक्ष द्यायला कुणाला बोलावले जाते का? भावाशी जमिनीवरून चाललेला दावा मी मागे घेतला आणि माझे नुकसान झाले, तरी मन शांत आहे, हे कुणी ध्वनिक्षेपकासमोर सांगते का? जग ज्याला फायदा म्हणते त्यालाच आपण आशीर्वाद म्हणू लागलो, की मग ज्याला ते मिळाले नाही त्याच्या विश्वासातच काहीतरी उणे आहे असे ठरते. समृद्धीचा संदेश विकणारे प्रचारक तर हे उघडच सांगतात. पेरा म्हणजे शंभरपट मिळेल, म्हणजे देवाशीही गुंतवणूकदाराच्या नात्याने वागा. याचे सर्वांत क्रूर टोक मी आजाऱ्याच्या खाटेशी पाहिले आहे. मरणाच्या दारात असलेल्या माणसाला दुखण्याबरोबर हाही भार वाहावा लागतो की आपला विश्वास कमी पडला.

इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय विश्वासवीरांचा म्हणून ठिकठिकाणी वाचला जातो. विश्वासाने त्यांनी राज्ये जिंकली, सिंहांची तोंडे बंद केली, तलवारीच्या धारेपासून बचावले. वाचन बहुधा तिथे रंगते. पण पस्तिसाव्या वचनाच्या मध्यावर लेखक वळतो आणि दुसऱ्या कितीएकांविषयी सांगू लागतो. त्यांना फटके बसले, बेड्या पडल्या, दगडमार झाला, करवतीने कापले गेले, ते तलवारीने मारले गेले. एका वचनात तलवारीपासून सुटका, तीन वचनांनंतर तलवारीने मरण. आणि लेखक दोघांनाही एकाच यादीत, एकाच विश्वासाच्या नावाखाली ठेवतो. यशावरून विश्वास मोजण्याची सोयच त्याने ठेवलेली नाही.

जगाचा हिशेब धर्माच्या अंगात किती खोल मुरू शकतो, याचे एक उदाहरण सांगतो. वेस्ट इंडिजमधल्या बार्बाडोस बेटावरचे कॉड्रिंग्टन मळे 1710 साली मृत्युपत्राने इंग्लंडच्या चर्चशी जोडलेल्या, परदेशांत शुभवर्तमानाचा प्रसार करणाऱ्या संस्थेकडे आले. मळ्यांबरोबर गुलामही आले. उत्पन्नातून तिथे महाविद्यालय चालवायचे होते, हेतू उदात्त होता. त्या गुलामांच्या छातीवर तापल्या लोखंडाने शब्द डागला जाई, ‘सोसायटी’. शुभवर्तमान सांगणाऱ्या संस्थेचे नाव माणसाच्या कातडीवर. 1833च्या कायद्याने ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी रद्द झाली तेव्हा नुकसानभरपाई मिळाली ती मालक म्हणून संस्थेला. डाग असलेल्यांना काही मिळाले नाही. इंग्लंडच्या चर्चच्या महासभेने माफी मागितली ती 2006 साली. त्या संस्थेचे विश्वस्त प्रार्थना करत नव्हते असे नाही. त्यांची राहणीही कदाचित साधी असेल. पहिल्या परिच्छेदातल्या यादीवर तपासले असते तर ते सगळे उत्तीर्ण झाले असते.

अठराव्या शतकातच, समुद्राच्या पलीकडे, अमेरिकेतल्या न्यू जर्सीत जॉन वूलमन नावाचा, क्वेकर या ख्रिस्ती पंथातला तरुण एका दुकानात कारकून होता. मालकाने आपल्याकडची निग्रो स्त्री विकली आणि खरेदीखत लिहायला सांगितले. घेणारा समोर ताटकळत होता. वूलमनने पुढे लिहून ठेवले आहे की त्या क्षणी त्याच्या मनात काय काय आले. मी वर्षाच्या करारावर नोकर आहे, सांगणारा माझा मालक आहे, घेणारा तर आमच्याच पंथातला वयस्कर माणूस आहे. त्याने लिहून दिले. लिहून देताना मालकाला आणि त्या गृहस्थाला एवढे म्हणाला की गुलाम बाळगणे ख्रिस्ती धर्माशी जुळत नाही. ही तीन कारणे पुन्हा वाचून पाहावीत. पोट, हुकूम, आणि आपल्यातलाच प्रतिष्ठित माणूस. जगातला बहुतेक अन्याय याच तीन कारणांनी सह्या-शिक्क्यांसह पार पडतो.

पुढे वूलमनने असे कागद लिहायचे नाकारले. गुलाम वारसाहक्काने देणारी मृत्युपत्रेही नाकारली, आणि त्यात उत्पन्न गेले. स्वतःचे दुकान वाढू लागले तेव्हा वाढता धंदा मनाला ओझे होतो आहे असे वाटून त्याने तो कमी केला, गिऱ्हाइकांना आपला बेत आधी सांगितला म्हणजे त्यांना दुसरे दुकान बघता येईल, आणि शिवणकाम व फळबाग यांवर भागवले. घरोघरी जाऊन गुलाममालक असलेल्या धर्मबंधूंशी तो शांतपणे बोलत राहिला. 1758 साली क्वेकरांच्या फिलाडेल्फियातल्या वार्षिक सभेने गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्यांविरुद्ध भूमिका घेतली, आणि 1776 साली गुलाम बाळगणाऱ्याला सभासद राहता येणार नाही असे ठरले. वूलमन त्याआधी चार वर्षे वारला होता. जग सोडून तो कुठे गेला नव्हता. दुकान, कागदपत्रे, गिऱ्हाईक या सगळ्यात राहूनच त्याने जगाचा हिशेब नाकारला, आणि त्यामुळे जग थोडे बदलले.

आता सगळ्यात अवघड भाग. वूलमनला धंदा कमी करणे परवडले. खोट्या बिलावर सही नाकारणाऱ्या माणसाच्या घरी दोन लहान मुले आणि अंथरुणाला खिळलेली आई असेल तर? त्याने सही केली तर त्याला जगिक म्हणून बाजूला करणे सोपे आहे. एकट्या माणसाच्या दृष्टीने जगाचा हिशेब खरोखरच बरोबर असतो; पडल्यावर उचलायला कुणी नसेल तर पडण्याचा धोका कुणी घ्यावा? व्यासपीठावरून सत्याचा आग्रह धरणाऱ्या मंडळीने म्हणून आधी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा. उद्या या माणसाची नोकरी गेली तर त्याच्या घरचे भाडे कोण भरणार? इमारतीच्या नूतनीकरणासाठी निधी उभा राहतो, नव्या वाद्यांसाठी राहतो, पाहुण्या वक्त्यांच्या मोठ्या सभांसाठी राहतो. सचोटीपायी अडचणीत आलेल्या कुटुंबासाठी वेगळा काढलेला निधी किती मंडळ्यांच्या अंदाजपत्रकात सापडेल? तो नसेल तर आपला उपदेश दुसऱ्याच्या जिवावर चालला आहे.

पहिल्या मंडळीविषयी ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात लिहिले आहे की त्यांच्यात कुणालाही उणे नव्हते. हे वाक्य आपण कौतुकाने वाचतो. पण दोनच अध्याय पुढे, तिथेही जग शिरलेले दिसते. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होऊ लागले, कारण वाटणारे आणि घेणारे यांची बोली एक नव्हती, आणि आपल्या माणसाकडे हात आधी वळतो. तक्रार आली तेव्हा प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना कुरकुरे म्हटले नाही, एकीने राहा म्हणून गप्पही बसवले नाही. त्यांनी सगळ्या शिष्यांना बोलावले आणि पवित्र आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण असे सात जण निवडायला सांगितले, तेही पंगतीची व्यवस्था पाहण्यासाठी. निवडलेली नावे तिथे दिली आहेत: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही ग्रीक नावे आहेत. ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या, वाटपाची पळी मंडळीने त्यांच्या बाजूच्या माणसांच्या हाती दिली.